सहाशे पंचवीस रेषा

घाटकोपरला आमच्या चाळीत दूरचित्रवाणीचा पहिला संच आला तो शेजारच्या बिऱ्हाडी, आणि त्या दिवसापासून रविवारच्या संध्याकाळी त्या घराचे दार कधी लागलेले मला आठवत नाही. खोली दहा बाय बारा फुटांची. तीत तीस-पस्तीस माणसे. पुढे पोरे, त्यांच्यामागे बायका, दारात पुरुषमंडळी, आणि व्हरांड्यात खिडकीचे गज धरून लोंबकळणारे आम्ही उरलेसुरले. वीस इंची कृष्णधवल पडद्यावर हिंदी चित्रपट चाले. त्यातला नायक एका गृहस्थांच्या टकलाच्या डावीकडून जेवढा दिसे तेवढाच मी पाहिला. पण चित्र अस्पष्ट आहे अशी तक्रार त्या खोलीत कुणी केल्याचे स्मरत नाही.

आता आम्ही मुलुंडला राहतो. दिवाळी तोंडावर आली तसे चिरंजीवांनी पासष्ट इंची ‘अल्ट्रा एचडी’ संच घ्यायचा असे घरात जाहीर केले. बैठकीची खोली अवघी अकरा फूट लांब. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. जन्मभर शाळेत मराठी शिकवले, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि तिची तक्रार एकच : बातम्यांच्या खाली पळणारी अक्षरे वाचता येत नाहीत. “त्या नव्या डब्यात ती दिसतील का रे?” एवढाच तिचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधायला मी बसलो खरा, पण त्यासाठी थेट वरळीच्या मनोऱ्यापर्यंत मागे जावे लागले.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधी तेरा वर्षे, १५ सप्टेंबर १९५९ पासून, दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण चालू होते. (आरंभीच्या त्या दिवसांत पु. ल. देशपांडे तिथे होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) दिल्लीने जे मानक पत्करले तेच मुंबईने घेतले : ६२५ आडव्या रेषांचे चित्र, आणि सेकंदाला अशी पंचवीस चित्रे. त्या काळी जगात याबाबत एकमत मुळीच नव्हते. इंग्लंडने १९३६ साली ४०५ रेषांनी आरंभ केला होता, अमेरिका ५२५ वर ठाम होती, आणि फ्रान्सने आपले वेगळेपण राखीत ८१९ रेषा काढल्या होत्या.

हे आकडे लहरीने ठरवलेले नाहीत. चित्र एकदम न पाठवता आधी एकाआड एक रेषा आणि मग मधल्या राहिलेल्या रेषा अशा दोन खेपांत पाठवीत. त्यासाठी एकूण संख्या विषम असणे सोयीचे होते. शिवाय त्या काळच्या यंत्रांना मोठ्या संख्येने एकदम भागाकार जमत नसे. तीन, पाच, सात अशा लहान विषम संख्यांनी पायरीपायरीने भागावे लागे. ५२५ म्हणजे ३ × ५ × ५ × ७, आणि ६२५ म्हणजे नुसता चार वेळा पाच. वीज इकडे सेकंदाला पन्नास आवर्तनांची आणि अमेरिकेत साठ. चित्राच्या खेपा विजेशी जुळत्या ठेवल्या की पडद्यावर पट्टे सरकत नसत. आपल्या सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांचे मूळ असे विजेच्या खांबावर आहे.

मला यात रस वाटला तो एका गोष्टीमुळे. मानक हा पाठवणारा आणि घेणारा यांच्यातला करार असतो. आपण दुकानातून संच आणतो तेव्हा त्या कराराचा अर्धा भागच विकत घेतो. दुसरा अर्धा कुणा दुसऱ्याच्या हाती असतो. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेहून एक देखणा रंगीत संच हौसेने उचलून आणला. एकशे दहा व्होल्टचा म्हणून ट्रान्सफॉर्मर घेतला. मग कळले की यंत्र ५२५ रेषांचे, साठ खेपांचे. वृत्तनिवेदिका पडद्यावरून अखंड वर वर सरकत राहिली, शिवाय बिनरंगाची. शेवटी त्या संचावर क्रोशाचे झाकण घालून फुलदाणी ठेवली गेली. संचात खोट नव्हती. त्याचा करार दुसऱ्या देशाशी झालेला होता, इतकेच.

कराराची दुसरी बाजू आमच्या उपनगरांना गच्चीवर भेटत असे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठेही जा, ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे एकजात वरळीकडे तोंड करून उभे, आणि त्यांवर कावळे. वारा सुटला की एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक संचासमोर. “आलं का?” “आलं, आलं... गेलं!” त्याहून चमत्कारिक म्हणजे भुताचे चित्र. प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली उभी. लहर सरळ तर येतेच, पण डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटूनही येते, आणि ती जरा उशिरा पोहोचते. एक रेषा काढायला पडद्यावर सेकंदाचे सुमारे बावन्न दशलक्षांश भाग लागत. किलोमीटरभराच्या वळशाने लहर त्यातले सव्वातीन भाग मागे पडते. वीस इंची पडद्यावर हे अंतर जवळजवळ एक इंच भरते. म्हणजे चिमणरावांच्या शेजारी इंचभर अंतरावर दुसरे चिमणराव दिसले, तर किलोमीटरभर वळसा कुठे पडला असेल याचा अंदाज घरबसल्या करता आला असता. तेव्हा हे ठाऊक नव्हते; आम्ही नुसते संचाला थापट्या मारीत होतो.

पुढचा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंग आला. त्यातली वाखाणण्याजोगी बाब म्हणजे रंगाची माहिती जुन्याच ६२५ रेषांच्या पोटात बसवलेली होती, त्यामुळे कृष्णधवल संच एका रात्रीत भंगारात गेले नाहीत. गरिबाच्या घरी तेच चित्र रंगावाचून दिसत राहिले. रंगाच्या आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, ओनिडाची कंपनी मुंबईत निघाली. अंधेरी हे तिचे ठिकाण, आणि शिंगे-शेपटीचा सैतान हा तिचा विक्रेता. शेजाऱ्याच्या पोटात दुखावे म्हणून संच घ्या, हे इतक्या उघडपणे सांगणारी जाहिरात मी तरी त्याआधी पाहिली नव्हती. आमची चाळ उघड्या दारांची होती म्हणून मला ती तेव्हा खटकलीही. मग १९९१-९२ पासून केबलची भेंडोळी गच्च्यांवरून लोंबू लागली, आणि ३१ ऑक्टोबर २०१२ ही जुन्या पद्धतीच्या केबलची मुंबईतली अखेरची तारीख ठरली. घरोघर सेट-टॉप बॉक्स आला. सांगाडे गेले, भुते गेली.

रेषा मात्र गेल्या नाहीत, आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर इथेच सापडते. ६२५ पैकी सुमारे पन्नास रेषा पडद्यावर दिसतच नसत. त्या वेळात किरण खालून पुन्हा वर जाई. उरत ५७६. अंकीय पद्धत आली तेव्हा हीच संख्या तशीच उचलली गेली. आज आपण ज्यांना ‘एसडी’ म्हणतो त्या साध्या वाहिन्यांचे चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. वरळीची ती पहिली संध्याकाळ आपल्या बॉक्समध्ये अजून मुक्कामाला आहे म्हणा ना!

आता अल्ट्रा एचडीचे पाहू. एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९९० चे. त्याच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच ते ३८४० बाय २१६०, ज्याला बाजारात ‘फोर के’ म्हणतात (सिनेमावाल्यांचा फोर के ४०९६ रुंद असतो, तो निराळा). आणि त्याच्याही दुप्पट तो ‘एट के’. या दोन्ही अल्ट्रा एचडीचे मानक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ऑगस्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. फोर केचे ठिपके होतात ८२,९४,४००. भागाकार करून पाहिला तर एसडीच्या बरोबर वीसपट. म्हणजे साधी वाहिनी या संचावर लावली की एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस ठिपके संच आपल्या अंदाजाने भरतो. तो हुशारीने भरतो, पण न पाठवलेले अक्षर त्याला कुठून वाचता येणार?

दुकानात हे कळत नाही. आम्ही गेलो तिथे पडद्यावर पोपट, हिमशिखरे आणि मधाची धार, सगळे खास फोर केमध्ये चित्रित केलेले आणि रंग डोळ्यांत जाईल इतके भडक. “घरी रोज पाहतो ती मराठी वाहिनी लावता का?” असे मी विचारताच विक्रेता तरुण ओशाळला. “काका, इथे बॉक्स नाही जोडलेला.” मग मी मागे नऊ फूट पावले मोजली. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखतो. त्या हिशेबाने पंचावन्न इंची पडद्यावर एचडी आणि फोर के यांतला भेद सात फुटांच्या आत बसले तरच कळतो. पासष्ट इंचीवर सव्वाआठ-साडेआठ फुटांच्या आत. आपण सोफा मागच्या भिंतीला टेकवतो आणि मग ठिपक्यांचे पैसे मोजतो. एट के तर आपल्या बिऱ्हाडांत पडद्याला नाक लावूनच पाहावे लागेल; तो मी विचारातच घेतला नाही.

नव्या मानकात मला खरी मोलाची वाटली ती ठिपक्यांची संख्या नव्हेच. त्यात रंगांच्या पायऱ्याही वाढवल्या आहेत. जुन्या आठ बिटांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, नव्या दहा बिटांत १०२४. एकूण रंग १ कोटी ६७ लाखांवरून १०७ कोटींवर गेले. हा फरक नऊ फुटांवरूनही दिसतो. संध्याकाळच्या आकाशात पूर्वी पट्टे पडत, ते पडत नाहीत. मात्र ‘एचडीआर’ ही अक्षरे खोक्यावर छापलेली असली म्हणून पडद्यात तेवढे तेज असतेच असे नाही. तेज नसेल तर ती अक्षरे नावालाच. तेव्हा उजेड किती ‘निट’ हे विचारावे, आणि समोर खिडकी असेल तर तिचे प्रतिबिंब काचेत किती पडते ते पाहावे. जोडणीची खाच एचडीएमआय २.० असली तरी सेकंदाला साठ फोर के चित्रांना पुरते, २.१ चा आग्रह खेळ खेळणाऱ्या मुलांनी धरावा. इंटरनेटवरून फोर के पाहायला सेकंदाला पंधरा ते पंचवीस मेगाबिटांचा वेग सातत्याने लागतो. भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि वीजबचतीचे तारे पाहायचे ते आहेतच. बत्तीस इंचांवरच्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा मुद्दा चिरंजीवांनी वादात पुनःपुन्हा वापरला.

वाद मिटवला तो शेवटी टेपने. दार आणि खिडकी यांमधली भिंत साडेचार फूट. पासष्ट इंची संच पावणेपाच फूट रुंद. पंचावन्न इंची, चार फुटांचा आला. वाचलेल्या पैशांतून करमणुकीच्या दोन मराठी वाहिन्या एचडी घेतल्या. बातम्यांची आईची वाहिनी इंटरनेटवरून बॉक्सपेक्षा स्वच्छ येते असे आढळले, ती तिथे लावून दिली. आणि तिची खुर्ची भिंतीपासून तीन फूट पुढे ओढली.

तिने चष्मा पुसला, पडद्याच्या खालच्या पट्टीकडे मिनिटभर पाहिले, आणि मोठ्याने दोन बातम्या सलग वाचून दाखवल्या.

“दिसतंय की!” मी म्हणालो.

“दिसतंय,” ती म्हणाली. “‘पुर्ण’ लिहिलंय मेल्यांनी. पहिली उकार.”