कोसबाडची टेकडी व जीवशास्त्राचें अध्यापन

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यानें ज्यांनीं एकदां तरी प्रवास केला असेल, त्यांना घोलवडच्या आसपासच्या चिकूच्या वाड्या खचित आठवत असतील. २०१६ सालीं घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें आणि हें फळ म्हणजे ह्या भूमीचेंच अपत्य, अशी लोकांची समजूत अधिक दृढ झाली. वास्तविक चिकू हा मेक्सिको व मध्य अमेरिका ह्या प्रदेशांतला पाहुणा होय. त्याचें कलम आपल्याकडे खिरणीच्या खुंटावर बांधण्याची रीत आहे. म्हणजे फांद्या परदेशच्या, पण मुळें येथल्या रानांतल्या खिरणीचीं, असा हा संसार आहे. दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं असल्यामुळें तो सुखानें चालतो.

ह्या खिरणीनें एकदां भर वर्गांत माझी फजिती केली. ती हकीकत प्रथम सांगतों. सपोटेसी ह्या वनस्पतिकुलाचा पाठ चालला होता. वर्गांत पडदा लाविलेला होता आणि आंतरजालावरून घेतलेलीं, परदेशी विद्यापीठांत काढलेलीं सुरेख चित्रें त्यावर एकामागून एक येत होतीं. फुलाचा उभा छेद, पुंकेसरांची मांडणी, बीजांडकोशाचे कप्पे, सर्व कांहीं बिनचूक होतें. मुलें निमूटपणें टिपून घेत होतीं. मीं विचारिलें, ‘चिकू आणि खिरणी हीं एकाच कुळांतलीं, हें कशावरून म्हणावयाचें?’ कोणी बोलेना. अखेर मागल्या बांकावर बसणारी, तलासरी तालुक्यांतल्या एका पाड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी हलकेच म्हणाली, ‘सर, दोघांनाही दूध येतें. मोहालाही येतें. आणि तिघांच्या बिया सारख्याच असतात. गुळगुळीत, एका बाजूला फिका वण असलेल्या.’ कुलाचीं दोन ठळक लक्षणें तिनें पडद्याकडे न पाहतां सांगितलीं होतीं. ‘मग इतका वेळ गप्प कां बसलीस?’ असें मीं विचारतांच ती म्हणाली, ‘तें पुस्तकांत नाहीं, सर. परीक्षेंत चालेल कीं नाहीं, ठाऊक नव्हतें.’

त्या दिवशीं मला पुढें फारसें शिकवितां आलें नाहीं. जी मुलगी लहानपणापासून पहाटे मोहाचीं फुलें वेचीत आली, तिला आपलें ज्ञान हें ज्ञान आहे कीं नाहीं, हेंच ठाऊक नसावें, आणि तें ठरविण्याचा अधिकार माझ्या पडद्याकडे असावा, ही गोष्ट मनाला लागून राहिली. शिवाय ज्या तालुक्यांत शाळेनें आपण होऊन अशा मुलांच्या अंगणांत जाण्याचा पायंडा पाडिला, त्याच्याच शेजारच्या तालुक्यांतली ही मुलगी. म्हणून तो जुना इतिहास येथें आठवणें अवश्य वाटतें.

१९४५ हें साल ह्या भागाच्या इतिहासांत दोन कारणांनीं स्मरणीय आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यांत, सध्यांच्या तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं वारली शेतकऱ्यांची मोठी परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखालीं वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. सावकार-जमीनदारांचें गवत कापणें आणि ठेकेदारांसाठीं झाडें तोडणें ह्यांत ज्यांचें आयुष्य जाई, असे हे लोक. त्यांचें रानाविषयींचें ज्ञान हौसेनें मिळविलेलें नव्हतें; तें पोटाच्या आणि पाठीच्या दुखण्यांतून आलेलें होतें. शहरांतले आपण लोक ‘निसर्गाचीं लेकरें’ वगैरे शब्द फार सहज वापरतों, म्हणून हें मुद्दाम लिहितों.

त्याच वर्षीं बोर्डी येथें ताराबाई मोडक ह्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. ताराबाई ह्या भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम करून, मॉंटेसोरी पद्धतीचा कसून अभ्यास केलेल्या विदुषी होत्या. मॉंटेसोरीबाईंच्या पद्धतींतील शैक्षणिक साधनें गुळगुळीत लांकडाचीं, मोजूनमापून केलेलीं आणि महाग असत. बोर्डीसारख्या खेड्यांत तीं आणावयाचीं कोठून? तेव्हां शंखशिंपले, खडे, पानें, फुलें, बिया आणि माती हींच साधनें झालीं. हा बदल केवळ काटकसरीचा होता, असें मला वाटत नाहीं. लांकडी ठोकळा मुलाला परका असतो. बी परकी नसते. ती त्यानें झाडाखालून स्वतः उचललेली असते, आणि ती कोणत्या झाडाची, कधीं पडते, खावयाची कीं टाकावयाची, हें त्याला गुरूच्या आधीं ठाऊक असतें.

पुढें १९५६-५७ च्या सुमारास हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तींत गेलें. तेथें खरी अडचण उभी राहिली. मुलें शाळेंत येईनात. कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, कोणी गुरांमागें जाई. तेव्हां ह्या दोघी बायांनीं शाळाच उचलून मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणांत भरे ती अंगणवाडी, आणि गुरें चरत असतां रानांत भरे ती कुरणशाळा. ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ सालीं सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेनें उचलला आणि तो साऱ्या भारतभर गेला. तो मूळचा कोसबाडचा, हें आज फार थोड्यांस माहीत असतें. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ सालीं पद्मश्री मिळाली. कुरणशाळा मात्र कोणी उचलली नाहीं. सरकारी दप्तरांत तिचा रकाना कोठें मांडावयाचा, हा प्रश्नच असावा!

कुरणशाळा हा कांहीं जीवशास्त्राचा वर्ग नव्हे. तेथें अक्षरें आणि आंकडे शिकवावयाचे असत. परंतु शिक्षकानें ज्ञेय वस्तूच्या जवळ जाऊन बसावें, आणि विद्यार्थ्याला जें अगोदर ठाऊक आहे तेथून आरंभ करावा, हें जीवशास्त्राच्या अध्यापनाचें जें मर्म, तें तेथें अनायासें साधलें होतें. बालवाडींत जें साधलें तें महाविद्यालयांत आम्हांला साधलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. माझ्या विद्यार्थिदशेंत जीवशास्त्र म्हणजे इंग्रजी पाठ्यपुस्तक, फॉर्मॅलिनच्या बाटल्या आणि मेणाच्या तबकांत उताणा टाचलेला बेडूक. बेडकांच्या पायांची निर्यात सरकारनें १९८७ सालीं बंद केली, कारण शेतांतले बेडूक कमी होऊं लागले होते. आम्ही मात्र त्यानंतरही ते कापीत होतों. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ सालीं प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्यानें कमी करण्यास सांगितलें आणि २०१४ सालीं तें बंदच करविलें. आतां बेडकाचें हृदय विद्यार्थी पडद्यावर पाहतात. कांहीं जुने स्नेही ह्याबद्दल हळहळतात. मला मुळींच हळहळ वाटत नाहीं. तबकांतला तो बेडूक आम्हांला जितकें शिकवून गेला, त्याहून अधिक पडद्यावरचें धडधडणारें हृदय शिकवितें, आणि कोणाचा जीव जात नाहीं.

तेव्हां पडद्याचा मी शत्रु नाहीं. २०१७ सालीं ‘दीक्षा’ हें सरकारी संकेतस्थळ निघालें. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊं लागले. खेड्यांतल्या शिक्षकाला मुंबईच्या शिक्षकाइतकेंच चित्रपाठ मिळूं लागले. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां ह्या व्यवस्थेची परीक्षा झाली. माझे विद्यार्थी सांगत कीं घरांत मोबाईल एकच, आणि तो कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशांत. रात्रीं ते परतत तेव्हां पाड्यावर जाळें मिळत नसे. ज्ञान सर्वांसाठीं खुलें झालें, असें आपण म्हणतों तेव्हां दाराशीं जाण्याची वाट कोणाला आहे, हें विचारावयाचें राहून जातें.

पण वाट झाली तरी दुसरी एक अडचण उरतेच, आणि तिचा दोष जाळ्याला देतां येत नाहीं. पडद्यावरच्या चित्राला एकच बाजू असते. ऐनाचें पान घ्या. आंतरजालावर त्याचीं शेंकडों छायाचित्रें मिळतील, आणि बहुतेकांत पान समोरून दिसेल. परंतु त्याच्या पाठीमागें, देठाजवळ मधल्या शिरेवर, ज्या लहान ग्रंथी असतात त्या ओळखीची मोठी खूण आहेत. त्या पाहावयाच्या तर पान उलटावें लागतें. पडदा उलटतां येत नाहीं.

त्या फजितीनंतर मीं क्रम फिरविला. फाल्गुन-चैत्रांत मोह फुलतो. त्या वेळीं पहाटे विद्यार्थ्यांना घेऊन एका मोहाखालीं गेलों. चिकूचें पान, खिरणीचें पान आणि मोहाचें पान प्रत्येकानें तोडून पाहावें आणि दूध येतें कीं नाहीं तें स्वतः ठरवावें, एवढाच पाठ होता. पण एका मुलानें प्रश्न काढिला: ‘फुलें तर आपण सगळीं वेचून नेतों, मग झाडाला फळ कोठून येतें?’ उत्तर हातांतच होतें. खालीं पडतो तो पाकळ्यांचा गोड, मांसल पेला आणि त्याला चिकटलेले पुंकेसर. बीजांडकोश वर फांदीवरच राहतो. वेंचणाराच्या टोपलींत फूल येतें, फळ येत नाहीं. वारल्यांच्या आज्या हें जाणून आहेत, म्हणून त्या निर्धास्तपणें फुलें वेचतात आणि पुढें त्याच झाडाच्या बियांचें तेल काढितात.

रात्रीं मोहावर काय घडतें, तें मात्र आम्हांला झाडाखालीं उभे राहून दिसलें नसतें. तेथें पडदा उपयोगीं पडला. वटवाघळें रात्रीं मोहाचीं फुलें खावयास येतात आणि पराग अंगावर घेऊन दुसऱ्या झाडावर जातात; अंधारांत घेतलेलें त्याचें चलचित्र मुलांनीं परत आल्यावर पाहिलें. ह्या वेळीं वर्ग निमूट नव्हता. ‘वटवाघूळ झाडाचें नुकसान करितें’ असें म्हणणारा एक पक्ष आणि त्याचें खंडन करणारा दुसरा, अशी भांडणें अर्धा तास चाललीं होतीं.

आंतरजालाची दुसरी देणगी मला त्याहून मोठी वाटते, आणि तिच्याकडे शिक्षकांचें लक्ष कमी जातें. जे ग्रंथ पाहावयास आमच्या पिढीला पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत चिठ्ठी देऊन तिष्ठत बसावें लागे, ते आज तलासरींत फुकट उघडतां येतात. पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक ह्यांनीं १९०१ ते १९०८ ह्या काळांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. २००६ सालीं स्थापन झालेल्या बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या संस्थांनीं असे असंख्य जुने ग्रंथ जाळ्यावर ठेविले आहेत. अर्थात् जुन्या ग्रंथांत नांवेंही जुनीं. कुकच्या काळचा मोह म्हणजे ‘बॅसिया लॅटिफोलिया’. आजचें त्याचें नांव ‘मधुका लॉंगिफोलिया’. म्हणजे आपला संस्कृत मधूक लॅटिनचा वेष घेऊन घरीं परतला. २००८ सालीं निघालेल्या इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर अशीं नवीं-जुनीं नांवें ताडून पाहतां येतात. तें न करितां जुन्या पानावर विसंबणारा विद्यार्थी फसतो.

ह्याच कुळांतली आपली बकुळ. तिचें शास्त्रीय नांव ‘मिमुसॉप्स एलेंगी’. ह्यांतला ‘एलेंगी’ हा शब्द मलबारचा. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे ह्यानें ॲम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ ह्या काळांत बारा खंडांत छापविलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ह्या ग्रंथांतून लिनियसनें तो घेतला. त्या ग्रंथाचा पहिला खंड मीं वर्गांत पडद्यावर उघडला. त्यांत बकुळ आहे. पण मुलांना दाखवावयाचें होतें तें दुसरेंच पान. रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट ह्या तिघां कोंकणी वैद्यांची ग्वाही त्यांत देवनागरी लिपींत, कोंकणी भाषेंत छापलेली आहे. इट्टि अच्युतन ह्या ईळव वैद्याचीही ग्वाही तेथें आहे. झाडें कोणी ओळखिलीं, हें साडेतीनशें वर्षांपूर्वीं ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यांतही लिहून ठेवणें अवश्य वाटलें. पुढच्या काळांतल्या ग्रंथांत बहुधा झाडाचें देशी नांव येतें; तें कोणाच्या तोंडून आलें, तें येत नाहीं.

मुलांनीं तें पान फार वेळ पाहिलें. देवनागरी अक्षरें ओळखीचीं, पण वळणें जुनीं. शब्द जुळवितांना त्यांची तारांबळ उडाली. त्यानंतर मागल्या बांकावरच्या त्या मुलीनें एक वही केली. पहिल्या रकान्यांत पाड्यावर चालणारें नांव, दुसऱ्यांत पाठ्यपुस्तकांतलें, तिसऱ्यांत लॅटिन; आणि चौथा रकाना तिनें मला न विचारतां आंखला: ‘कोणी सांगितलें’. त्यांत तिच्या आजीचें नांव वरचेवर येतें. गेल्या पावसाळ्यापर्यंत त्या वहींत साठांवर झाडें झालीं होतीं.

त्यांतल्या एका वेलाचा तिसरा रकाना अजून कोरा आहे. आजीला त्याचें नांव ठाऊक आहे, कोणत्या दुखण्यावर त्याचें मूळ देतात तेंही ठाऊक आहे. कुकमध्यें आणि जाळ्यावर आम्हीं शोधिलें, पण फुलावांचून निश्चय होईना. त्याची एक फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून माझ्या कपाटांत ठेविली आहे. तो श्रावणांत फुलतो, असें आजी म्हणते. तेव्हां श्रावणांत पुन्हा त्या पाड्यावर जावयाचें ठरलें आहे.