पटावरील नाव आणि चौथी इयत्ता

सरकारी प्राथमिक शाळेची कामगिरी जोखावयाची, तर तिच्या पटावर किती नावे आहेत एवढे पाहून भागत नाही. ती नावे कोणकोणत्या समाजांतील आहेत आणि त्यांपैकी किती मुले वरच्या इयत्तेपर्यंत टिकली, हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याला हे दोन्ही प्रश्न आकड्यांनिशी विचारण्याचे कार्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १२ मार्च १९२७ रोजी कायदे कौन्सिलातील आपल्या भाषणात केले. त्यानंतर आठच दिवसांनी महाडचे चवदार तळे गाजले आणि त्या तेजात हे भाषण काहीसे झाकोळले गेले. म्हणूनच त्याची उजळणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रश्नामागे सत्तर वर्षांचा इतिहास होता. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार विद्यार्थ्याने अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. एका मुलासाठी इतरांची शाळा ओस पडेल, असे कारण देऊन मुंबई सरकारने तो अर्ज नाकारला. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असा निर्वाळा १८५८ मध्ये वरून आला खरा. परंतु कागदावर उघडलेले दार गावात बंदच राहिले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन मांडले. बहुजनांच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे बोट दाखवून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. त्या सुमारास इलाख्यातील प्राथमिक शाळांत अस्पृश्य मुलांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते आणि महाविद्यालयांत त्यांपैकी एकही नव्हता.

१९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनी सरकारी अहवालातीलच आकडे सरकारपुढे ठेवले. अहवालाने लोकसंख्येचे चार वर्ग पाडले होते : प्रगत हिंदू, मराठा व तत्सम जातींचा मधला वर्ग, मागासलेला वर्ग आणि मुसलमान. अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि ज्यांना तेव्हा गुन्हेगार म्हटले जाई त्या जमाती मागासलेल्या वर्गात धरल्या होत्या. लोकसंख्येत हा वर्ग दुसरा होता. प्राथमिक शाळांत मात्र दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंचे ११९, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासलेल्या वर्गाचे अवघे १८ विद्यार्थी होते. माध्यमिक शाळांत दर लाखामागे हेच आकडे अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४ असे होते. पायरीपायरीने ही दरी कशी रुंदावत जाते, हे निराळे सांगावयास नको.

त्याच भाषणातील दुसरा आकडा सर्वच वर्गांच्या मुलांविषयीचा आहे. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोचत. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडत. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि आयुष्यभर साक्षर राहावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू होय, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. पटावरचे नाव म्हणजे शिक्षण नव्हे, हा त्याचा सरळ अर्थ.

मुले गळत का? त्यांना बुद्धी नाही, घरी वळण नाही, असे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर तयार असे. बाबासाहेबांचे स्वतःचे बालपण त्याला पुरेसे प्रत्युत्तर आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिनांकाला, १९१४ या क्रमांकावर, ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपायाने पाणी दिले तरच तहान भागे. हाच विद्यार्थी १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. तो टिकला, त्याचे श्रेय त्याच्या पित्याला आणि त्याच्या स्वतःच्या जिद्दीला. शाळेच्या व्यवस्थेला नव्हे. मात्र व्यवस्था बदलता येत होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला होता.

येथे आम्हांस विनयपिटकातील उपालीचे स्मरण होते. शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी तथागतांकडे आले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपालीही होता. आपला कुलाभिमान गळावा म्हणून कुमारांनीच विनंती करून उपालीला आधी प्रव्रज्या देवविली आणि मग त्याला वंदन केले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयासंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचा मान याच उपालीला मिळाला. संघाने आधी आसन दिले, नंतर विद्वत्ता प्रकटली. इलाख्यातील शाळा मात्र आसन नाकारीत आणि मग विद्वत्ता दिसत नाही म्हणून मुलालाच दोष देत.

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करणे योग्यच आहे. परंतु त्यांना अभिप्रेत असलेले वंदन तेवढ्याने पुरे होत नाही, असे आमचे नम्र मत आहे. प्रत्येक विहाराच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी आपल्या वस्तीतील नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत जावे आणि मुख्याध्यापकांना आदरपूर्वक विचारावे : चार वर्षांपूर्वी पहिलीत किती मुले-मुली दाखल झाली, ती कोणकोणत्या वस्त्यांतील होती आणि आज त्यांपैकी किती वर्गात बसलेली आहेत? जी दिसत नाहीत, त्यांच्या घराची वाट कार्यकर्त्यांनी धरावी. १९२७ च्या त्या ब्याऐंशी मुलांची नावे इतिहासाने राखली नाहीत. आजच्या गळणाऱ्या मुलांची नावे मात्र पटावर आहेत. ती वाचणे आपल्या हाती आहे.