धनादेशावरील फसवणूक आणि खातेदाराची जबाबदारी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

धनादेश हा बँकेला दिलेला लेखी आदेश असतो. या आदेशाचे बळ स्वाक्षरीत असते आणि त्याचा दुबळेपणाही स्वाक्षरीतच असतो. स्वाक्षरीची नक्कल करता येते, अक्षरांच्या मागेपुढे नवी अक्षरे घालता येतात, शाई पुसता येते आणि कागद चोरता येतो. त्यामुळे धनादेशाचा इतिहास हा काही प्रमाणात त्याच्या फसवणुकीचा आणि त्या फसवणुकीवर शोधलेल्या उपायांचा इतिहास ठरतो. या विषयावरील लेखनात सुरक्षिततेच्या उपायांची यादी बहुधा आढळते. परंतु फसवणूक झाल्यावर नुकसान कोणी सोसावे, खातेदाराने की बँकेने, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात हुंडीच्या काळापासून २०२१ मधील पॉझिटिव्ह पे प्रणालीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, याचा मागोवा घेतला आहे.

हुंडीची परंपरा

भारतीय व्यापाऱ्यांना कागदावरील फसवणुकीचा धोका पाश्चात्त्य बँका येण्यापूर्वीच ठाऊक होता. हुंडीत रक्कम केवळ आकड्यांत लिहीत नसत. रक्कम अक्षरांत लिहून तिची निमपट सांगत आणि त्या निमपटीची दुप्पट म्हणजे पूर्ण रक्कम, असा खुलासा करीत. हजार रुपयांच्या हुंडीत ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट’ असा उल्लेख असे. एका ठिकाणी खाडाखोड केली तर दुसऱ्या ठिकाणचा मजकूर तिला उघडे पाडत असे. हुंडी गहाळ झाल्यास पेठ आणि पेठही गहाळ झाल्यास परपेठ देण्याची रीत होती.

याहून महत्त्वाची होती शहाजोग हुंडी. तिची रक्कम कोणाही वाहकाला न देता बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यावयाची असे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाल्यास रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. म्हणजेच कागदाची सुरक्षितता तो सादर करणाऱ्या माणसाच्या पतीवर उभी होती. मराठीत आज ‘शहाजोगपणा’ हा शब्द उपरोधानेच वापरला जातो. परंतु पेढीच्या व्यवहारात शहाजोग असणे ही मोठी जोखीम होती.

दोन रेघांचा जन्म

धनादेशावर तिरप्या रेघा मारण्याची पद्धत लंडनमध्ये निर्माण झाली. तेथील समाशोधन गृहात हिशेब सोयीचा व्हावा म्हणून बँकांचे कारकून धनादेशावर आडवे आपल्या बँकेचे नाव लिहीत. ही खूण असली की धनादेश बँकेमार्फतच वटतो, हे लक्षात आल्यावर खातेदारांनीही ती उचलली. १८५६ च्या ब्रिटिश कायद्याने या प्रथेला मान्यता दिली. मात्र लगेचच एक पेच उभा राहिला. १८५७ च्या सिमन्स विरुद्ध टेलर या खटल्यात चोराने रेखांकन पुसून रक्कम घेतली होती. रेखांकन हा धनादेशाचा भाग नसल्याने बँक जबाबदार नाही, असा निर्णय झाला. त्यामुळे १८५८ मध्ये नवा कायदा करून रेखांकनास धनादेशाचा महत्त्वाचा भाग ठरवावे लागले. १८७६ च्या कायद्याने ‘नॉट निगोशिएबल’ या शब्दांना अर्थ दिला. असे शब्द असलेला धनादेश चोराकडून घेणाऱ्याला चोरापेक्षा अधिक चांगला हक्क मिळत नाही. प्रत्येक तरतुदीमागे आधी घडून गेलेले नुकसान होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

भारतात हे नियम परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ द्वारे आले. हा कायदा १ मार्च १८८२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२३ ते १३१ मध्ये रेखांकनाचे नियम आहेत. शहाजोग हुंडीतील शहाची जागा आता रक्कम वसूल करणाऱ्या बँकेने घेतली.

लेखणीची जबाबदारी

फसवणूक घरातल्या किंवा कचेरीतल्या माणसाने केली तर काय, या प्रश्नावर इंग्लंडमधील दोन खटले प्रसिद्ध आहेत. १८२७ च्या यंग विरुद्ध ग्रोट या खटल्यातील खातेदाराने परगावी जाताना सह्या केलेले कोरे धनादेश पत्नीपाशी ठेवले होते. तिच्या सांगण्यावरून कारकुनाने त्यातील एक पन्नास पौंडांचा भरला. परंतु अक्षरांच्या आधी जागा सोडली. पुढे त्या जागेत त्याने ‘तीनशे’ घातले. नुकसान खातेदाराचे ठरले.

१९१८ च्या लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन अँड आर्थर या खटल्यात विश्वासू कारकुनाने दोन पौंडांचा धनादेश स्वाक्षरीसाठी पुढे केला. अक्षरी रक्कम लिहिलेलीच नव्हती. घाईत असलेल्या भागीदाराने सही केली. कारकुनाने दोनच्या मागे एक आणि पुढे शून्य घालून बँकेतून १२० पौंड उचलले. हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केले की, फेरफार सहज होईल अशा रीतीने धनादेश न लिहिणे हे खातेदाराचे बँकेप्रति कर्तव्य आहे. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहिण्याची आणि उरलेल्या जागेत रेघ ओढण्याची सवय या तत्त्वाशी सुसंगत आहे. भारतीय कायद्याच्या कलम ८९ नुसारही, फेरफार दिसून येत नसेल आणि बँकेने रीतसर भरणा केला असेल, तर बँकेला संरक्षण मिळते.

बनावट स्वाक्षरीची गोष्ट मात्र वेगळी आहे. स्वाक्षरीच खोटी असेल तर आदेशच अस्तित्वात नसतो. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन (१९८७) या खटल्यात कंपनीची धनादेश पुस्तिका सांभाळणाऱ्या लेखापालाने व्यवस्थापकीय संचालकाची सही करून ४२ धनादेशांद्वारे तीन लाख सव्वीस हजारांहून अधिक रुपये काढले होते. दीर्घकाळ हिशेब न तपासणाऱ्या कंपनीने आता तक्रार करू नये, असा बँकेचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य करून नुकसान बँकेवर टाकले. केवळ खातेउतारा न तपासणे हा खातेदाराचा हक्क हिरावणारा दोष ठरला नाही. तथापि फसवणूक कळल्यावर गप्प राहणे धोक्याचे असते. ग्रीनवुड विरुद्ध मार्टिन्स बँक (१९३२) या इंग्लिश खटल्यात पत्नी खोट्या सह्या करते, हे माहीत असूनही पतीने बँकेला कळवले नाही. तिच्या मृत्यूनंतर त्याने केलेला दावा फेटाळला गेला.

रेखांकनाचा भंग

रेखांकनाचे रक्षण करणारी बँकच शिथिल झाली तर काय होते, हे १९९२ च्या मुंबईतील रोखे घोटाळ्याने दाखवले. बँकांच्या नावे काढलेले धनादेश दलालांच्या खात्यांत जमा झाल्याचे जानकीरामन समितीच्या चौकशीत उघड झाले. कागद अस्सल होता, सह्या अस्सल होत्या. पैसा मात्र भलत्याच खात्यात गेला. ‘अकाउंट पेयी’ हे शब्द १८८१ च्या अधिनियमातील नसून बँकव्यवहारातून रूढ झालेले आहेत. असा धनादेश नावाच्या व्यक्तीखेरीज इतर कोणाच्याही खात्यात जमा करण्यास रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना मनाई केली.

प्रतिमेच्या युगात

२००२ च्या दुरुस्तीने धनादेशाच्या इलेक्ट्रॉनिक प्रतिमेस कायद्यात स्थान मिळाले आणि २००८ मध्ये दिल्लीत चेक ट्रंकेशन प्रणाली सुरू झाली. आता कागद सादर करणाऱ्या बँकेतच थांबतो. पैसे देणारी बँक केवळ प्रतिमा पाहते. कागदाचा पोत व अतिनील प्रकाशातील खूण तिला हाताळून पाहता येत नाही. म्हणून ‘सीटीएस-२०१०’ या प्रमाणानुसार जलचिन्ह आणि छायाप्रत काढताच उमटणारी ‘व्हॉइड’ ही अक्षरे आली. तारखेच्या पुनर्वैधतेखेरीज इतर खाडाखोड चालेनाशी झाली. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली.

१ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या पॉझिटिव्ह पे प्रणालीत पन्नास हजार व त्यावरील रकमेच्या धनादेशाचा क्रमांक, तारीख, आदात्याचे नाव व रक्कम खातेदाराने बँकेला आधीच कळवावी अशी सोय आहे. ही सुविधा वापरणे खातेदाराच्या इच्छेवर ठेवले गेले. पाच लाख व त्यावरील रकमेसाठी ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना देण्यात आली. परंतु याच सूचनांत एक महत्त्वाची अट आहे. या प्रणालीचे पालन केलेले धनादेशच समाशोधन केंद्राच्या तंटानिवारण व्यवस्थेत स्वीकारले जातील. माहिती न कळवणाऱ्या खातेदाराचा कायदेशीर हक्क त्यामुळे नष्ट होत नाही; मात्र सोपा मार्ग त्याच्यासाठी अरुंद होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, धनादेशाच्या सुरक्षिततेचे उपाय जसजसे वाढले तसतशी जबाबदारीची वाटणीही बदलत गेली. हुंडीत ती पतदार माणसावर होती, रेखांकनाने ती बँकेवर आली. १९१८ च्या निर्णयाने लेखणीची जबाबदारी खातेदाराची ठरवली, तर १९८७ च्या निर्णयाने खोट्या स्वाक्षरीचा भार बँकेवरच ठेवला. पॉझिटिव्ह पे प्रणालीने या वाटणीचा काटा पुन्हा खातेदाराकडे झुकवला आहे. ज्याच्याकडे मोबाइल व बँकेचे ॲप आहे त्याला हे कर्तव्य हलके वाटेल. पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला ते तितके हलके नाही.

या इतिहासातून व्यवहारासाठी निघणारा बोधही स्पष्ट आहे. कोऱ्या धनादेशावर सही करू नये, अक्षरी रकमेच्या आधी व नंतर जागा सोडू नये, धनादेश ‘अकाउंट पेयी’ रेखांकित करावा, धनादेश पुस्तिका आणि हिशेबाची वही एकाच व्यक्तीच्या ताब्यात ठेवू नये, खातेउतारा दरमहा पाहावा आणि संशय येताच बँकेला लेखी कळवावे. यंग, मॅकमिलन आणि कॅनरा सेल्स या तिन्ही प्रकरणांत फसवणारा बाहेरचा चोर नव्हता. तो विश्वासातलाच माणूस होता. महाविद्यालये, पतसंस्था व सहकारी संस्था यांच्या कार्यालयांत सह्यांसाठी धनादेशांचा गठ्ठा पुढे येतो, तेव्हा विश्वास आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे स्मरण सही करणाऱ्याने ठेवणे आवश्यक आहे.