शिशाचं वजन आणि दोघीजणी

मैत्रिणींनो, गायीच्या दुधाची फॅट चार आणि म्हशीची सात. दोन्ही सारखी मिसळून डेअरीत घातली, तर फॅट लागेल साडेपाच. पण साडेपाच फॅटचं जनावर गोठ्यात एकही नसतं! म्हशीचं दूध जास्त, तर आकडा सातकडे सरकतो. एवढं लक्षात ठेवा, मग शिशाची गोष्ट सोपी आहे.

शिसं म्हणजे गाडीच्या बॅटरीतला जड धातू. हायड्रोजनचा अणू साधारण 1 वजनाचा धरला, तर पुस्तकात शिशाचं वजन 207.2 दिलेलं असतं. 1808 साली इंग्लंडच्या जॉन डाल्टनने लिहिलं होतं, की एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्याच वजनाचे. शंभर वर्षं तेच शिकवलं गेलं.

1913 मध्ये ग्लासगोच्या फ्रेडरिक सॉडींनी मांडलं, की गुण तेच पण वजन वेगळं, असेही अणू असतात. त्यांना नाव हवं होतं. ते सुचवलं डॉक्टर आणि कादंबरीकार मार्गारेट टॉड यांनी: आयसोटोप. ग्रीकमध्ये ‘आयसोस’ म्हणजे सारखं, ‘टोपोस’ म्हणजे जागा. मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच जागी बसणारे, म्हणून आपल्या पुस्तकांत समस्थानिक.

नाव मिळालं, पण पुरावा? तो व्हिएन्नात 1914 मध्ये स्टेफनी होरोविट्झ आणि ओट्टो होनिगश्मिट यांनी दिला. युरेनियम कोट्यवधी वर्षांत झिजून त्याचं शिसं होतं. बोहेमियातल्या युरेनियमच्या खनिजातून स्टेफनीबाईंनी शिसं वेगळं काढलं, पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, तोललं. धुळीचा कण किंवा थोडा ओलावा राहिला तरी सगळं वाया जाणारं हे काम. आमच्या मते खरी कसोटी इथेच होती. वजन भरलं सुमारे 206.7. नेहमीच्या शिशाचं मात्र 207.2! फरक अर्ध्याचा, पण डाल्टनचा नियम त्यानं मोडला.

आज माहीत आहे, की नेहमीच्या शिशात चार प्रकारचे अणू असतात. शंभरातले सुमारे 52 अणू 208 वजनाचे, 24 अणू 206 चे, 22 अणू 207 चे, आणि एखाद-दुसरा 204 चा. त्यांची सरासरी 207.2, तेवढ्या वजनाचा अणू एकही नाही. युरेनियमपासून झालेल्या शिशात 206 वाले जास्त, म्हणून ते हलकं.

सॉडींना 1921 चं नोबेल मिळालं. स्टेफनीबाईंनी पुढे रसायनशास्त्र सोडलं आणि मानसिक आधाराची गरज असलेल्या मुलामुलींसाठी व्हिएन्नात घर चालवलं. त्या ज्यू होत्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ट्रेब्लिंका इथे त्यांचा जीव घेतला. शाळेच्या पुस्तकात 207.2 हा आकडा आम्ही वाचला होता, त्यांचं नाव मात्र तिथे नव्हतं.