अधिवृक्क ग्रंथी : ॲड्रेनॅलिन रक्तात येते कसे?

मायदेशातून अवेळी फोन आला, की तो उचलण्याआधीच छातीत धडधड सुरू होते. या धडधडीत हृदयाकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा वाटा असतो, तसाच ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाचाही. मात्र हे ॲड्रेनॅलिन त्या क्षणी तयार होत नाही. ते आधीच घडवून, सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले असते. फोनची घंटा केवळ त्या पिशव्या उघडवते. पिशवीचे आवरण पेशीच्या पटलाशी एकरूप होऊन आतील द्रव्य बाहेर पडण्याच्या या क्रियेला एक्सोसायटोसिस म्हणतात.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरचा थर तो बाह्यक, आतला गाभा तो मध्यक. मध्यकातील पेशी क्रोमियमच्या क्षारांनी तपकिरी होतात, म्हणून त्यांना क्रोमॅफिन पेशी असे नाव पडले. जन्माने त्या चेतापेशींच्या भावंडांपैकीच. फक्त त्यांना लांब तंतू फुटत नाहीत आणि त्या आपला संदेश शेजारच्या पेशीला न देता थेट रक्तात सोडतात. माणसात या स्रावाचा सुमारे ८० टक्के भाग ॲड्रेनॅलिनचा, उरलेला मुख्यतः नॉरॲड्रेनॅलिनचा असतो.

एकेका पेशीत अशा हजारो पुटिका असतात. पुटिकेच्या आवरणातील एक पंप आतले वातावरण आम्लधर्मी ठेवतो आणि त्या आम्लतेच्या बळावर दुसरे वाहक प्रथिन ॲड्रेनॅलिन आत खेचते. क्रोमोग्रॅनिन प्रथिने आणि एटीपी यांच्याशी ते सैलसर बांधले जाते, त्यामुळे एवढे दाटीवाटीने भरूनही पुटिका फुटत नाही. सर्पगंधेपासून मिळणारे रिसर्पिन नेमके हे वाहक प्रथिन अडवते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग नोंदवला, तेव्हा या वाहकाची कुणाला कल्पनाही नव्हती.

प्रत्यक्ष स्राव असा घडतो. मेंदूने धोका ओळखला, की मेरुरज्जूतून निघालेल्या चेतातंतूंची टोके क्रोमॅफिन पेशींवर ॲसिटिलकोलिन सोडतात. पेशीचा विद्युतभार पालटतो, पटलातील कॅल्शियमची दारे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आयन आत घुसतात. पुढचे काम स्नेअर प्रथिनांचे. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पेशीपटलावरील सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ ही प्रथिने एकमेकांत वेणीसारखी गुंफली जातात आणि दोन्ही आवरणे जवळ ओढतात. सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन कॅल्शियमची चाहूल घेते, मग आवरणे एक होतात आणि छिद्र उघडते. दाराशी सज्ज असलेल्या पुटिकांच्या बाबतीत हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते. (सुरकुत्यांसाठी टोचले जाणारे बोटॉक्स चेतातंतूंच्या टोकांशी याच स्नॅप-२५चे तुकडे करते.)

एवढे चित्र जुळवायला अनेक दशके लागली. जोकिची ताकामिने या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये शुद्ध ॲड्रेनॅलिन जगासमोर मांडले. ‘ॲड्रेनॅलिन’ हे पार्क-डेव्हिस कंपनीचे व्यापारनाम ठरल्यामुळे अमेरिकेत त्याच औषधाला ‘एपिनेफ्रिन’ म्हणण्याची रीत पडली. लंडनहून न्यू जर्सीला गेलेल्या डॉक्टरांना हा घोळ चांगलाच परिचित असेल. १९६१ मध्ये डग्लस आणि रुबिन यांनी मांजराच्या ग्रंथीवर दाखवले, की भोवतालच्या द्रवातून कॅल्शियम काढून घेतल्यास ॲसिटिलकोलिन देऊनही स्राव होत नाही. पुढे असे आढळले, की ॲड्रेनॅलिनबरोबर पुटिकेतील एटीपी आणि प्रथिनेही प्रमाणात बाहेर येतात, पण पेशीद्रवातील विकरे मात्र आतच राहतात. द्रव्य पटलातून झिरपत असते, तर हे शक्य नव्हते. १९८२ मध्ये एर्विन नेहर आणि अलाँ मार्टी यांनी गोवंशाच्या क्रोमॅफिन पेशींवर विद्युतधारकता मोजली. पुटिका जोडली गेली, की पेशीचे पृष्ठफळ किंचित वाढते आणि ती वाढ पायरीपायरीने नोंदली जाते. या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग म्हणावा लागेल.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. ‘ताणाची संप्रेरके’ म्हणून ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल यांची नावे एका दमात घेतली जातात. कॉर्टिसॉल मात्र बाह्यकात तयार होते आणि त्याचा साठा नसतो. ते स्निग्धधर्मी असल्यामुळे कोणत्याही पुटिकेत कोंडता येत नाही. पोषग्रंथीचा आदेश आल्यावर कोलेस्टेरॉलपासून घडवले जाते आणि पटलातून सहज बाहेर पडते. म्हणून ते मिनिटांच्या हिशेबाने येते आणि तासांच्या हिशेबाने टिकते. ॲड्रेनॅलिन क्षणात येते आणि रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. तरीही दोघांचे नाते आहे : नॉरॲड्रेनॅलिनचे ॲड्रेनॅलिन करणारे विकर बाह्यकातून मध्यकात वाहत येणाऱ्या कॉर्टिसॉलच्या आधारावरच पुरेसे तयार होते.

क्रोमॅफिन पेशींची गाठ, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, झाली की ही यंत्रणा मनास येईल तेव्हा चालते. अचानक डोकेदुखी, दरदरून घाम, धडधड आणि भडकलेला रक्तदाब. झटका ओसरल्यावर रुग्ण ठणठणीत दिसतो आणि ‘कामाचा ताण असेल’ म्हणून त्याला घरी पाठवले जाते. विकार दुर्मीळ आहे. पण तो न ओळखता शस्त्रक्रिया केली, तर भूल देताना जीवावर बेतू शकते. आधी बीटा-रोधक औषध एकटेच देणेही घातक ठरते. प्रथम अल्फा-रोधक द्यावे लागते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कारण आनुवंशिक असल्याने जवळच्या नातलगांचीही तपासणी सुचवली जाते.

निदानाची किल्ली पुन्हा पुटिकेतच सापडते. झटक्यांच्या मधल्या काळात रक्तातील ॲड्रेनॅलिन सामान्य असू शकते. पण पुटिकांतून थोडे द्रव्य पेशीद्रवात सतत गळत असते आणि गाठीतील विकर त्याचे मेटानेफ्रिनमध्ये रूपांतर करत राहते. एक्सोसायटोसिस घडो वा न घडो, ही निर्मिती थांबत नाही. म्हणून रक्तातील मुक्त मेटानेफ्रिन किंवा २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन मोजतात. रक्त घेण्यापूर्वी रुग्णाला वीस ते तीस मिनिटे शांत पडून राहायला सांगतात, कारण बसून घेतलेल्या नमुन्यात आकडा खोटा चढू शकतो.