उजवीकडचा अंधार

उजवा डोळा मिटा. हाताने झाकू नका, नुसता मिटा आणि मिटलेलाच राहू द्या. पुढची सगळी वाट एका डोळ्याने चालायची आहे. आता मान न वळवता उजव्या खांद्यापलीकडे काय आहे ते सांगा. नाही ना सांगता येत? कडक रबराची एक काळी चकती, म्हणजे पक, त्याच बाजूने येणार आहे आणि तिच्यामागोमाग तुम्हाला लाकडी कठड्यावर आपटायला निघालेला एक धिप्पाड माणूस.

तारीख 18 जानेवारी 1958, शनिवारची रात्र. जागा मॉन्ट्रियलचं फोरम. वर गॅलऱ्यांमध्ये सिगारेटचा धूर तरंगतोय, खाली बर्फ दिव्यांनी इतका पांढरा झालाय की डावा डोळाही क्षणभर दिपतो. तुमच्या अंगावर बॉस्टन ब्रुइन्सची जर्सी आहे. नाव विल्यम एल्डन ओ'री, वय 22, जागा लेफ्ट विंग. डोक्यावर हेल्मेट नाही, कारण या काळात ते जवळजवळ कोणीच घालत नाही. पायांत स्केट्स, हातांत स्टिक, छातीत धडधड.

प्रशिक्षक मिल्ट श्मिट तुमच्या पाठीवर थाप मारतात आणि तुम्ही कठडा ओलांडून बर्फावर उतरता. नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात कृष्णवर्णीय माणूस आजवर उतरलेला नव्हता. तुम्ही पहिले. पण बर्फावर हे तुमच्या ध्यानीमनीही नाही. उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडाल तेव्हा कळेल.

बर्फावर दुसरीच काळजी असते. तुम्ही डाव्या कडेने धावता, म्हणजे सगळं मैदान तुमच्या उजवीकडे पडतं. मधला खेळाडू पास देणार तो उजवीकडून. तो बघायला उजवा डोळा नाही, म्हणून मान पूर्ण उजवीकडे फिरवावी लागते, डावा डोळा उजव्या खांद्यावर आणावा लागतो. त्या अर्ध्या क्षणात समोरून कोण येतंय ते दिसत नाही. पास घ्यायचा, मान झटक्यात समोर आणायची, ठोकर चुकवायची. पुन्हा मान मागे. मिनिटभरात दम संपतो, पाळी बदलते, तुम्ही बाकावर येऊन बसता. शेजारच्या कोणालाही ठाऊक नाही की तुम्ही अर्धंच मैदान बघताय.

ब्रुइन्स आज 3-0 जिंकतात. मॉन्ट्रियलचे प्रेक्षक तुम्हाला ओळखतात, क्वेबेक एसेसकडून तुम्ही इथे खेळून गेला आहात. इथे कोणी ओरडत नाही. कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये जाण्याआधी 1946 मध्ये खेळला तो याच शहरात, हे मला इथे उगाच आठवत नाही.

आता जरा मागे चला.

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात सेंट जॉन नदीच्या काठी फ्रेडरिक्टन नावाचं छोटं शहर आहे. तिथे 1935 मध्ये तुम्ही जन्मलात, तेरा भावंडांतलं शेंडेफळ. तुमचा एक पूर्वज दक्षिण कॅरोलिनातल्या गुलामगिरीतून पळून उत्तरेला आला होता. हिवाळ्यात वडील मागच्या अंगणात पाणी सोडतात, रात्रीत त्याचा बर्फ होतो आणि सकाळी घरच्या घरी रिंक तयार. तीन वर्षांचे असल्यापासून तुम्ही त्यावर घसरताय, पडताय, उठताय. गावात कृष्णवर्णीय कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. गोऱ्या मुलांबरोबर शाळा, गोऱ्या मुलांबरोबर हॉकी.

1949 चा उन्हाळा. बेसबॉलच्या संघाने स्पर्धा जिंकली म्हणून तुम्हा पोरांना न्यू यॉर्कची सहल मिळाली आहे. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर सामना संपल्यावर तुम्ही जॅकी रॉबिन्सनसमोर उभे आहात. तुम्ही त्यांना सांगता की मी बेसबॉल खेळतो आणि हॉकीसुद्धा. ते चकित होतात. कृष्णवर्णीय मुलं हॉकी खेळतात हे त्यांच्या ऐकिवात नव्हतं. ही भेट तुम्ही विसरणार नाही. आणि तेही विसरणार नाहीत, हे तुम्हाला 1962 मध्ये कळेल. लॉस एंजेलिसच्या एका मेजवानीत तुमचे प्रशिक्षक ओळख करून द्यायला जातील आणि रॉबिन्सनच विचारतील, ब्रुकलिनमध्ये भेटला होतास तो मुलगा तूच ना?

1955-56 चा हंगाम, ऑन्टारियोतलं किचनर. वय वीस. गोलसमोरच्या गर्दीत कुणाचा तरी जोरदार फटका एका स्टिकला लागून उडतो आणि पक सरळ तुमच्या चेहऱ्यावर येतो. नाक मोडतं, उजव्या गालाचं हाड मोडतं, तुम्ही बर्फावर कोसळता. इस्पितळात डॉक्टर सांगतात की उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली आहे, आता हॉकी विसरा. दोन महिन्यांच्या आत तुम्ही पुन्हा स्केट्स बांधता. आईवडिलांना सांगत नाही. एका बहिणीला सांगता आणि तिच्याकडून वचन घेता. एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला लीगच्या नियमांत जागा नाही. ही गोष्ट बाहेर फुटली की सगळं संपलं.

मराठी वाचकाला इथे मन्सूर अली खान पतौडी आठवेल. 1961 मध्ये इंग्लंडात मोटारीच्या अपघातात त्याचा उजवाच डोळा गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो भारताकडून कसोटी खेळला. टोपी उजव्या डोळ्यावर ओढून त्याने फलंदाजी केली, ते जगाला माहीत होतं आणि जग हळहळत होतं, कौतुक करत होतं. तुमच्या वाट्याला ही हळहळ नाही, कौतुकही नाही. संघात येताना तब्येत तपासली जाते, डोळे कोणी तपासत नाही. त्या एका चुकलेल्या तपासणीच्या भरवशावर तुम्ही उभे आहात.

1956. मिलवॉकी ब्रेव्हज या बेसबॉल संघाने चाचणीला बोलावलं म्हणून तुम्ही जॉर्जियात उतरता. विमानतळावरच स्वच्छतागृहाची दोन दारं दिसतात, एकावर गोऱ्यांसाठी, दुसऱ्यावर काळ्यांसाठी. अशी पाटी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहताय. निवड होत नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही सगळ्यात मागे बसता. बस उत्तरेकडे सरकत जाते तसे तुम्हीही एकेक बाक पुढे सरकता. कित्येक दिवसांच्या प्रवासानंतर घरी उतरता तेव्हा ठरलेलं असतं, बेसबॉल नाही, हॉकीच.

पुन्हा पुढे या. 1958 मध्ये दोनच सामने मिळाले आणि तुम्हाला परत धाडलं. लीगमध्ये तेव्हा संघच सहा. प्रत्येकाकडे वीसेक जागा धरल्या तरी सगळ्या जगात मिळून सव्वाशेच्या आत. तुमची पुन्हा पाळी येते ती 1960-61 मध्ये, पाठीवर 22 आकडा.

1 जानेवारी 1961, बॉस्टन गार्डन. समोर पुन्हा मॉन्ट्रियल, तिसरा टप्पा. लिओ बॉइव्हिनचा पास येतो आणि तुम्ही सुटता. दोन बचावपटू मागे पडतात. तुमचं सगळं नाणं म्हणजे वेग. समोर गोलरक्षक चार्ली हॉज. या क्षणी उजवीकडे पाहायची गरजच नाही, सगळं समोर आहे. फटका, जाळी, लाल दिवा. ब्रुइन्स 3-2 जिंकतात आणि तो विजयाचा गोल ठरतो. गार्डनमधले लोक उठून उभे राहतात, टाळ्या थांबत नाहीत. तुम्ही गोलमध्ये वाकून तो पक उचलता.

त्याच हंगामात शिकागो. एरिक नेस्टेरेन्को स्टिकचा दांडा तुमच्या तोंडावर मारतो. पुढचे दोन दात पडतात, ओठ फाटतो. तुम्हीही स्टिक उचलता, दोन्ही संघ बर्फावर उतरतात. तुमच्या सुरक्षिततेसाठी तुम्हाला ड्रेसिंग रूममध्येच ठेवतात. तोंडात रक्ताची चव घेऊन तुम्ही एकटे बाकावर बसलेले आहात आणि बाहेर सामना चालू आहे. मला या गोष्टीतली सगळ्यात एकाकी जागा हीच वाटते. गॅलरीतल्या शिव्यांना तुम्ही दाद देत नाही, पण दात पाडणाऱ्याला सोडायचंही नाही, एवढा हिशेब पक्का आहे.

हंगामाअखेर 43 सामने, चार गोल, दहा असिस्ट. पुढच्या वर्षीही संघात आहात, असं वाटत असताना तुम्हाला मॉन्ट्रियलला देऊन टाकतात आणि तिथून पश्चिमेला लॉस एंजेलिस ब्लेड्सकडे. मोठ्या लीगमध्ये एकूण 45 सामने, आणि मग दार बंद. तुमच्यानंतर तिथे पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, दिसायला 1974 उजाडेल.

बहुतेक लिहिणारे इथे थांबतात, मग एकदम 2018 वर उडी मारतात, तुम्ही हॉल ऑफ फेममध्ये गेलात तिथे. नाहीतर 18 जानेवारी 2022 वर, बॉस्टनने तुमचा 22 आकडा छताला टांगला तिथे, बरोबर 64 वर्षांनी. मला ते मान्य नाही. विंगरचं आयुष्य छताला टांगलेल्या कापडात नसतं. तुम्ही त्रेचाळीस वर्षांचे होईपर्यंत, 1979 पर्यंत खेळलात, बहुतेक सगळं धाकट्या लीगमध्ये, आधी लॉस एंजेलिस आणि नंतर सॅन डिएगोत, जिथे बाहेर समुद्राचं ऊन आणि आत बर्फ. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द ती. म्हणून मी तुम्हाला तिथेच नेतो.

लॉस एंजेलिस, साठीच्या दशकाचा मध्य. प्रशिक्षक आल्फ पाइक यांच्याकडे डाव्या बाजूचे फॉरवर्ड जास्त झालेत. ते तुम्हाला म्हणतात, आजपासून तू उजव्या बाजूने खेळ. डोळ्याचं त्यांना काहीच माहीत नाही. तुम्ही मान डोलावता. 1964-65 च्या हंगामात 38 गोल मारून या धाकट्या लीगमध्ये पहिले येणार आहात, हेही अजून कोणाला माहीत नाही.

कठडा ओलांडून उतरा. यावेळी उजवीकडे फक्त लाकडी कठडा आहे, तिथला अंधार बिनकामाचा. सगळं मैदान डावीकडे. मधला खेळाडू स्टिक मागे घेतो. तुम्ही सवयीने मान फिरवायला जाता आणि थांबता. मान वळवावी लागत नाही. पक त्याच्या स्टिकवरून सुटतो, बर्फावरून सरकतो, वाटेत कोण आहे, किती वेगाने येतोय, कुठे पोचणार, सारं डाव्या डोळ्याला दिसतंय. समोरचा बचावपटूही दिसतोय, त्याच वेळी. दहाएक वर्षांनी पहिल्यांदा.

पक तुमच्या स्टिकवर टेकतो.

आता डोळा उघडा.