चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) संघराज्याच्या बाजूने लढलेली कृष्णवर्णीय सैनिकांची पायदळ पलटण. अब्राहम लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ती उभारली. प्रमुख कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ हे गोरे होते. गुलामीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन पुत्र तीत दाखल झाले.

१८ जुलै १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात ही पलटण आघाडीवर होती. किल्ला पडला नाही, शॉ धारातीर्थी पडले. मात्र जखमी होऊनही निशाण जमिनीला टेकू न देणारे पलटणीतील विल्यम कार्नी यांना १९०० मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले.

गोऱ्या सैनिकाला दरमहा १३ डॉलर, तर कृष्णवर्णीयाला १० डॉलर मिळत. त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जात. हा अन्याय न स्वीकारता पलटणीने पगारच नाकारला. अखेर जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मंजूर केले. पलटणीचे स्मारकशिल्प बॉस्टनमध्ये आहे (१८९७).

गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांनाच महात्मा फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अर्पण केला.